कट्टा कुणाच्या जागेत?

ऑनलाइन समुदायासाठी गप्पांची जागा निवडणे हे वरवर पाहता एखादे अ‍ॅप निवडण्याइतके सोपे काम वाटते. प्रत्यक्षात त्या एका निर्णयाच्या पोटात बरेच निर्णय दडलेले असतात. नवा माणूस किती सहज आत येईल, आल्यावर त्याची ओळख कुणाकुणाला दिसेल, भांडण पेटले तर कोण आवरेल, तीन वर्षांपूर्वी दिलेले उत्तर आज सापडेल का, आणि जागामालकाने अटी बदलल्या तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडता येईल का. मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या समुदायांनी हे प्रश्न इतरांच्या कितीतरी आधी अंगावर घेतले. त्यांचे बहुतेक काम गप्पांतून चालते, सभासद जगभर विखुरलेले असतात, पैसा बेताचा असतो आणि प्रत्येक निर्णयावर चारचौघांत वाद घालण्याची रीत असते. म्हणून या वादाच्या दोन्ही बाजू त्यांच्याच अनुभवात सर्वांत स्वच्छ दिसतात.

शास्त्रग्रंथांच्या पद्धतीने या बाजूंना पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणता येईल. पूर्वपक्षाचे म्हणणे असे: माणसे जिथे आधीच आहेत तिथे समुदायाने जावे, नवे खाते, नवे अ‍ॅप, नवी सवय यांचा भार कुणावर टाकू नये. उत्तरपक्षाचे म्हणणे असे: जागा समुदायाच्या मालकीची असावी, आणि ते शक्य नसेल तर निदान सुखरूप सोडून जाता येईल अशी असावी. ग्रंथांत पूर्वपक्ष खोडून काढण्यासाठीच मांडलेला असतो. इथे तसे नाही. त्याचे काही मुद्दे शेवटपर्यंत उभे राहतात, आणि उत्तरपक्षाला स्वतःची भूमिका दोनदा बदलावी लागते.

पूर्वपक्ष आपली मांडणी दारापासून सुरू करतो. फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने ऑगस्ट १९८८ मध्ये आयआरसी ही गप्पांची पद्धत सुरू केली. पुढची दोन-अडीच दशके मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात आयआरसी हाच कट्टा होता. तिचा आराखडा उघड असल्याने कुणीही सर्व्हर चालवू शकतो, कुणीही अ‍ॅप लिहू शकतो, आणि मजकुराशिवाय काहीच जात नसल्याने अगदी कमजोर जोडणीवरही ती चालते. पण रोजच्या वापरात तिचा एक त्रास असा, की संगणक बंद असताना काय बोलणे झाले ते नंतर दिसत नाही. ते दिसावे म्हणून स्वतःच्या वतीने सतत जोडलेला राहणारा एक वेगळा प्रोग्राम कुठेतरी चालवावा लागतो. टोपणनाव राखून ठेवायचे तर आज्ञा पाठ करून टाइप कराव्या लागतात. ‘जुन्याजाणत्यांना यात काही वाटत नाही,’ पूर्वपक्ष म्हणतो, ‘कारण त्यांचे दार कधीच उघडून झालेले आहे. उंबरठा किती उंच आहे हे आत बसलेल्याला नव्हे, बाहेर उभ्या असलेल्याला विचारावे.’

या म्हणण्याला मोझिलाचा दाखला मिळतो. फायरफॉक्स बनवणाऱ्या या संस्थेचा स्वतःचा आयआरसी सर्व्हर होता. २०१९ मध्ये तिने तो बंद करण्याचे जाहीर केले. कारणे दोन होती: नवख्यांना ही जागा अवघड जात होती, आणि ओळख पटवण्याची धड व्यवस्था नसल्याने छळ व शिवीगाळ रोखणे कठीण झाले होते. मार्च २०२० मध्ये सर्व्हर बंद झाला. ‘स्वतःच्या मालकीची जागा,’ पूर्वपक्ष म्हणतो, ‘मालकानेच सोडली.’

उत्तरपक्ष हा दाखला नाकारत नाही. तो पुढचे पान उलटतो. मोझिलाने आयआरसी सोडली, पण ती जिथे सर्वांत जास्त गर्दी होती तिथे गेली नाही. तिने मॅटरमोस्ट, रॉकेट.चॅट, स्लॅक आणि मॅट्रिक्स अशा चार व्यवस्था सभासदांकडून वापरून पाहिल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये मॅट्रिक्स निवडली. तिच्या अटींत दोन अटी ठळक होत्या. आचारसंहिता मोडणाऱ्याला प्रत्यक्षात रोखता आले पाहिजे, आणि पडदावाचक वापरणाऱ्या अंध सहकाऱ्यालाही गप्पांत भाग घेता आला पाहिजे. ही दुसरी अट बहुतेक निवडींत कुणाच्या ध्यानातही येत नाही. सुंदर दिसणारी, चित्रांनी भरलेली खिडकी पडदावाचकाला वाचता येत नसेल तर तो समुदाय काही माणसांसाठी पहिल्या दिवसापासूनच बंद असतो, आणि ती माणसे तक्रार करायलाही आत येऊ शकत नाहीत.

म्हणजे दाराविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते: उंबरठा कमी हवा. खरा वाद घराच्या कागदपत्रांवर आहे.

भाड्याच्या जागेत काय होते हे स्लॅकच्या इतिहासावरून समजते. स्लॅक हे मुळात कचेऱ्यांसाठी केलेले साधन. प्रत्येक कर्मचाऱ्यामागे कंपनीने दरमहा पैसे भरावेत हा त्याचा हिशेब. मोकळ्या समुदायांना तो हिशेब लागू पडत नाही, कारण तिथे माणसे पगारावर नसतात आणि दहा हजारांतील नऊ हजार महिनोन्‌महिने एक अक्षरही लिहीत नाहीत. तरीही वापर सोपा म्हणून असंख्य समुदाय फुकट योजनेवर तिथे गेले. त्या योजनेत शेवटचे १०,००० मेसेज दिसत. गजबजलेल्या समुदायात एवढे मेसेज थोड्या आठवड्यांत संपतात आणि मागचे सगळे पडद्याआड जाते. सप्टेंबर २०२२ पासून मोजमाप बदलले. आता मागचे ९० दिवसच दिसू लागले. २०२४ मध्ये आणखी एक पाऊल पडले: फुकट योजनेतील एक वर्षापेक्षा जुना मजकूर कायमचा पुसला जाऊ लागला. यात कुणाची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. जागा कंपनीची, अटी कंपनीच्या. पण ज्यांनी तिथे शेकडो प्रश्नोत्तरे साठवली असे समजून वर्षे काढली, त्यांच्या हाती शेवटी तीन महिने उरले.

रिअ‍ॅक्ट या प्रणालीभोवती जमलेला रिअ‍ॅक्टिफ्लक्स नावाचा मोठा समुदाय २०१५ मध्येच स्लॅकमध्ये मावेनासा झाला आणि हजारो सभासदांसह डिस्कॉर्डवर गेला. डिस्कॉर्ड त्याच वर्षी खेळाडूंच्या गप्पांसाठी सुरू झाले होते. कुबर्नेटीस या प्रकल्पाला स्लॅकने वर्षानुवर्षे सवलतीत जागा दिली होती. जून २०२५ मध्ये ती सवलत थोड्याच दिवसांत संपणार असे प्रकल्पाच्या चालकांनी सभासदांना कळवले, धावपळ सुरू झाली, आणि मग कंपनीने निर्णय मागे घेतला. जागा वाचली. उत्तरपक्षाला या घटनेतून एवढेच दाखवायचे असते, की मर्जीने मिळालेली जागा आणि हक्काची जागा यांत फरक आहे, आणि तो फरक एरवी दिसत नाही.

इथे पूर्वपक्ष त्याचे सर्वांत वजनदार उदाहरण पुढे करतो, आणि ते उत्तरपक्षाच्याच अंगणातले आहे. फ्रीनोड हे आयआरसीचे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे जाळे होते. सर्व्हर स्वयंसेवक चालवत, पद्धत उघड होती, कुठली जाहिरात नव्हती. तरीही १९ मे २०२१ रोजी जवळपास सगळ्या स्वयंसेवक चालकांनी एकत्र राजीनामे दिले. जाळ्याच्या नावाची आणि पत्त्याची मालकी एका कंपनीकडे गेलेली होती, आणि त्या मालकीचा अर्थ काय यावरून वाद विकोपाला गेला होता. आठवड्याभरात असे घडले, की ज्या कट्ट्यांच्या पाटीवर राजीनामा दिलेल्या चालकांच्या नव्या जागेचा उल्लेख होता असे शेकडो कट्टे नव्या चालकांनी आपल्या ताब्यात घेतले. जूनमध्ये नोंदवलेल्या टोपणनावांची आणि कट्ट्यांची सगळी नोंदवहीच कोरी करण्यात आली. ‘तेव्हा,’ पूर्वपक्ष विचारतो, ‘स्वतःची जागा म्हणजे नेमके काय? वीस वर्षे ज्यांनी ती आपली मानली त्यांनी तिचा कागद कधी पाहिला होता?’

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरपक्षाला भूमिका बदलायला लावणारा आहे. उघड पद्धत म्हणजे मालकी नव्हे, हे त्याला मान्य करावे लागते. नाव, पत्ता आणि सर्व्हरच्या किल्ल्या कुणाच्या नावावर आहेत हा स्वतंत्र प्रश्न असतो, आणि सद्भावनेवर चालणाऱ्या समुदायांत तो विचारणे अनेकांना अवघड वाटते. पण त्याच घटनेचा दुसरा भाग उत्तरपक्ष सोडत नाही. राजीनामा दिलेल्या चालकांनी त्याच दिवशी लिबेरा.चॅट हे नवे जाळे उघडले, स्वीडनमध्ये ना-नफा संघटना म्हणून त्याची नोंद झाली, आणि उबुंटू, जेंटू, विकिमीडिया यांच्यासारखे मोठे समुदाय काही दिवसांत किंवा आठवड्यांत तिकडे गेले. सभासदांना नवे अ‍ॅप घ्यावे लागले नाही, नव्या सवयी लावून घ्याव्या लागल्या नाहीत. आहे त्याच अ‍ॅपमध्ये सर्व्हरचा पत्ता बदलला आणि टोपणनाव पुन्हा नोंदवले की झाले. या साऱ्या इतिहासात याहून शिकवणारी घटना दुसरी नाही. घर गेले, पण बिऱ्हाड एका दिवसात हलले, कारण सामान कुठल्याही घरात मावेल असे होते. हीच घटना एखाद्या बंदिस्त अ‍ॅपवर घडली असती तर चालकांना राजीनामे देता आले असते. समुदाय मात्र मागेच राहिला असता.

म्हणून उत्तरपक्ष आता मालकीऐवजी सुटकेची भाषा बोलू लागतो. मॅट्रिक्स ही २०१४ मध्ये सुरू झालेली व्यवस्था याच विचारावर उभी आहे. तिच्यात ईमेलसारखी रचना असते: एकाचे खाते एका सर्व्हरवर, दुसऱ्याचे दुसऱ्यावर, तरी दोघे एकाच दालनात बोलतात, आणि त्या दालनाची प्रत भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर राहते. एक सर्व्हर बंद पडला तरी दालन मरत नाही. फ्रान्सच्या सरकारने कर्मचाऱ्यांसाठी केलेले चॅप हे अ‍ॅप याच व्यवस्थेवर चालते.

‘कागदावर हे उत्तम आहे,’ पूर्वपक्ष उत्तर देतो, ‘पण माणसे कशी वागतात ते पाहावे.’ खाते कुठेही काढता येत असले तरी बहुतेक नवखे सर्वांत मोठ्या सार्वजनिक सर्व्हरवरच काढतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तो सर्व्हर साठवणुकीतील बिघाडामुळे सुमारे एक दिवस बंद पडला, तेव्हा दालने तत्त्वतः जिवंत असूनही त्या खातेदारांना आत जाता येईना. स्वतःचा सर्व्हर चालवायचा तर सुधारणा वेळेवर बसवणे, रोजची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे, भरत जाणारी डिस्क, जाहिरातबाजांची खाती उडवणे हे सारे कुणीतरी करावे लागते. मोठ्या संस्थेत त्यासाठी पगारी माणूस असतो. वीस जणांच्या हौशी मंडळात ते काम एका उत्साही तरुणाकडे येते. तो नोकरी बदलतो, त्याला मूल होते, आणि सर्व्हर हळूहळू अनाथ होतो. भाड्याच्या जागेत मालक अटी बदलतो, तर स्वतःच्या जागेत राखणदार थकतो. पूर्वपक्षाच्या या मुद्द्यावर उत्तरपक्षाकडे पुरते उत्तर नाही. तो एवढेच सांगू शकतो, की झुलिप किंवा मॅट्रिक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारी जागाही भाड्याने मिळते. तिथे देखभाल दुसरा करतो, पण उद्या सगळी साठवण उचलून स्वतःच्या यंत्रावर नेण्याची सोय असते.

उघड व्यवस्थेला सरकारी आदेशही चुकत नाही. भारत सरकारने मे २०२३ मध्ये चौदा मेसेजिंग अ‍ॅप्स अडवली, त्यांत मॅट्रिक्सचे एलिमेंट आणि ब्रायर ही दोन मुक्त अ‍ॅप्स होती. मॅट्रिक्सवर जाण्याचा रस्ता एकाच अ‍ॅपमधून जात नसल्याने समुदाय तुटले नाहीत, पण नवख्याला ‘हे अ‍ॅप घे’ असे सांगणे अवघड झाले.

आता वाद महाराष्ट्राच्या ओळखीच्या मुलखात येतो. इथे समुदाय म्हटला की पहिला विचार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचाच होतो, मग ती सोसायटी असो, भजनी मंडळ असो, पक्षीनिरीक्षकांची टोळी असो की मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांची कार्यशाळा. पूर्वपक्षाला हे फार सिद्ध करावे लागत नाही. अ‍ॅप आधीच फोनमध्ये आहे, आजीलाही येते, कार्यक्रमाची वेळ बदलली तर पाच मिनिटांत सर्वांना कळते. ग्रुपची मर्यादा २५६ वरून २०२२ मध्ये १,०२४ वर गेली, आणि त्याच वर्षी अनेक ग्रुप एका छपराखाली आणणारी ‘कम्युनिटी’ची सोय आली. मजकूर टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असल्याने मधल्या कुणालाही तो वाचता येत नाही.

उत्तरपक्ष यावर दुसरे काही बोलण्याआधी फोन नंबरचा प्रश्न काढतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरणे म्हणजे आपला नंबर सगळ्या सभासदांपुढे ठेवणे. नात्यागोत्याच्या ग्रुपमध्ये त्याने काही बिघडत नाही. पण ज्या समुदायात अनोळखी माणसे कामापुरती एकत्र येतात, तिथे ही किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ग्रुपमध्ये एक प्रश्न विचारला आणि रात्री अकराला अनोळखी माणसाचा ‘हाय’ आला, हा अनुभव स्त्रियांच्या ओळखीचा आहे. त्या गाजावाजा न करता ग्रुप सोडतात, आणि चालकांना वाटत राहते की मुलींना या विषयात रस नसतो. टेलिग्राममध्ये नंबर लपवता येतो. सिग्नलने फेब्रुवारी २०२४ मध्ये वापरनावांची सोय दिली. आयआरसी, मॅट्रिक्स, झुलिप, डिस्कॉर्ड यांत सभासदांना एकमेकांचा नंबर दिसतच नाही. सार्वजनिक समुदायासाठी जागा निवडताना हा एक मुद्दा बाकी सर्व सोयींपेक्षा जड धरायला हवा.

कूटबद्धतेच्या मुद्द्यावर मात्र दोन्ही पक्ष गोंधळ करतात. दोघांमधल्या खासगी बोलण्यासाठी तिचे मोल मोठे आहे. पण ज्या ग्रुपची आमंत्रण लिंक पोस्टरवर छापली आहे, जिथे कुणीही येऊन वाचू शकतो, तिथे कूटबद्धतेने विशेष काही राखले जात नाही. तिथे राखायची असते ती माणसांची ओळख. डिस्कॉर्डवरचा लेखी मजकूर टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतो, आणि उघड्या समुदायाला त्याचे फारसे बिघडत नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डच्या एका बाहेरच्या सेवापुरवठादाराकडून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झाल्याचे कंपनीने सांगितले. वयाच्या पडताळणीच्या तक्रारींसाठी ती घेतलेली होती. मेसेज वाचला जाणे आणि ओळखपत्र बाहेर जाणे यांत कुठली इजा मोठी, हे सांगायला नको.

त्यानंतर प्रश्न येतो आवरण्याचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. अशा अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा जाहीर केली. साधनाची घडण माणसांच्या वागण्यावर किती परिणाम करते, हे या मर्यादेतच कबूल केलेले आहे. जिथे फॉरवर्डचे बटण हाताशी आहे, तिथे चर्चेचा ग्रुप फॉरवर्डचा ग्रुप होतो. चालकांनी नियम लिहिले तरी बटण जिंकते.

‘मग चालकांनी जबाबदारी घ्यावी,’ पूर्वपक्ष म्हणतो. कायद्याच्या अंगाने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले, की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसला पाहिजे. माणसे घेणे आणि काढणे यापलीकडे अ‍ॅडमिनच्या हातात तेव्हा फारसे काही नव्हते, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. उत्तरपक्षाला नेमके हेच सांगायचे आहे. जिथे चालकाच्या हातात ठेवणे आणि हाकलणे एवढी दोनच साधने असतात, तिथे प्रत्येक वाद टोकाला जातो. चिडलेल्या माणसाला तासभर गप्प करता येणे, नव्याने आलेल्याला पहिल्या दिवशी लिंक टाकता न येणे, गरम झालेल्या चर्चेचा वेग कमी करता येणे, कुणी कुणाला का काढले याची नोंद राहणे, या मधल्या पायऱ्यांनी समुदाय टिकतो. डिस्कॉर्ड आणि टेलिग्राम या बाबतीत सरस आहेत, हे उत्तरपक्षालाही मान्य करावे लागते. आयआरसीने तर चालकांची ही श्रेणीव्यवस्था फार आधीच घडवली होती. मॅट्रिक्सवर जाहिरातबाजांशी झुंजणे अजूनही कष्टाचे आहे.

राहतो आठवणीचा प्रश्न. मराठीत काम करणाऱ्या समुदायांसाठी त्याला एक खास बाजू आहे, आणि जागा निवडताना ती क्वचितच तपासली जाते.

आयआरसीत एका ओळीची मर्यादा ५१२ बाइट असते, आणि त्यातला काही भाग पत्त्यातच जातो. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. परिणामी इंग्रजीत चारशेच्या वर अक्षरे मावतात त्या ओळीत मराठी शंभर-दीडशे चिन्हांतच संपते, आणि जुनी अ‍ॅप्स उरलेले वाक्य न सांगता कापून टाकतात. शोधाची अडचण याहून मोठी आहे. मराठी नाम विभक्ती लागताच रूप बदलते: शाळा, शाळेत, शाळांना, शाळेतल्या. गप्पांच्या बहुतेक साधनांना हा शब्द एकच आहे हे कळत नाही. ‘शाळा’ शोधले की ‘शाळेत’ सापडत नाही. इंग्रजीसाठी जी सोय गृहीत धरली जाते ती मराठी समुदायाला मिळतच नाही, त्यामुळे त्याची स्मरणशक्ती आधीच निम्मी असते. त्यात आपल्याकडे बोलून पाठवलेले संदेश भरपूर. टाइप करायला त्रास होणाऱ्यांसाठी ते वरदान आहेत, पण शब्दाने शोधू गेल्यास त्यांतले काहीच हाती लागत नाही.

शोध दुबळा असेल तर रचनेने ती उणीव भरून काढावी लागते. झुलिपमध्ये मेसेज सहसा एखाद्या विषयाच्या मथळ्याखाली टाकावा लागतो. पहिल्या आठवड्यात हे जाचक वाटते. पण दोन दिवसांनी परतलेला माणूस पाचशे मेसेज खरवडत बसण्याऐवजी पाच मथळे पाहतो आणि हवा तो उघडतो. लीन ही सिद्धता तपासणारी संगणकीय भाषा वापरणाऱ्या गणितज्ञांचा समुदाय याच रचनेवर वाढला, आणि त्याच्या चर्चांचे दप्तर कुणालाही खाते न काढता वाचता येते. डिस्कॉर्डने २०२१ मध्ये उपचर्चांची आणि २०२२ मध्ये विषयवार दालनांची सोय आणली. पण तिथले बोलणे शोधयंत्रांना सहसा दिसत नाही, म्हणून तेच प्रश्न नवे लोक पुन्हा पुन्हा विचारत राहतात आणि उत्तरे देणारे थकतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात नव्याने आलेल्याला मागचे बोलणे सहसा दिसतच नाही. त्याच्यासाठी समुदाय त्याच दिवशी जन्मलेला असतो.

पूर्वपक्ष इथे एक मूलभूत शंका काढतो. गप्पा ह्या जपण्याची वस्तू आहेत का? पारावर बोललेले पारावरच विरावे यातच पाराची मोकळीक असते. प्रत्येक वाक्य कायमचे आणि जगाला दिसणारे असेल तर नवखा माणूस तोंडच उघडणार नाही. शंका खरी आहे, आणि उत्तरपक्ष दुसऱ्यांदा भूमिका बदलतो ती इथेच. कट्टा आणि दप्तर ही दोन वेगळी कामे आहेत आणि ती एकाच साधनाकडून करून घेण्याचा हट्ट सोडला की अर्धा वाद मिटतो. ठरलेले निर्णय, वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे, हिशेब, बैठकींची टिपणे हे सारे कट्ट्यावरून उचलून समुदायाच्या स्वतःच्या ठिकाणी दर आठवड्याला कुणीतरी उतरवायचे. ते काम एका माणसाच्या नावावर लावून दिलेले हवे, नाहीतर होत नाही. असे दप्तर असेल तर कट्टा थोडा परक्या जागेत असला तरी चालतो, कारण तो गेला तर गप्पा जातील, ज्ञान जाणार नाही.

एवढे मान्य झाल्यावर निवड समुदायाच्या प्रकारावर येऊन ठेपते. एकमेकांना ओळखणारी तीस-चाळीस माणसे असतील आणि काम निरोपांचे असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून हलण्याचे कारण नाही. अनोळखी माणसे, विशेषतः तरुण मुलेमुली, शिकण्यासाठी एकत्र येणार असतील तर नंबर न दाखवणारी जागाच हवी. बोलक्या, गजबजलेल्या गटाला डिस्कॉर्ड रुचते, आणि सावकाश, खोल, लांब चालणाऱ्या कामाला झुलिप. मुक्त सॉफ्टवेअर किंवा मुक्त ज्ञानाचे काम करणाऱ्यांनी मॅट्रिक्स किंवा आयआरसी धरणे तत्त्वाला धरून आहे, पण सर्व्हर राखणारी किमान दोन माणसे नसतील तर जागा भाड्याने घेतलेली बरी. दोन अ‍ॅप्स पुलाने जोडून दोन्हीकडच्यांना खूश ठेवण्याचा मोह होतो. पूल बांधणे सोपे, टिकवणे कठीण. मॅट्रिक्स आणि लिबेरा.चॅट यांना जोडणारा मोठा अधिकृत पूल २०२३ मध्ये बंद करावा लागला, आणि अनेक कट्ट्यांचे दोन तुकडे झाले.

जागा कोणतीही असो, बाहेर पडण्याची तयारी पहिल्याच दिवशी करता येते आणि तिला खर्च जवळजवळ नाही. साठवण उतरवून घेण्याची सोय काय आहे ते आत जाण्याआधी पाहावे. टेलिग्रामच्या संगणकावरील अ‍ॅपमधून ग्रुपचा इतिहास पूर्ण उतरवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपची निर्यात चित्रांशिवाय ४०,००० आणि चित्रांसह १०,००० मेसेजपर्यंत थांबते. झुलिपची साठवण दुसऱ्या झुलिपमध्ये जशीच्या तशी बसवता येते. डिस्कॉर्डमध्ये सबंध समुदायाचा इतिहास चालकांना उतरवून देणारी अधिकृत सोय नाही. मुख्य चालकाचे अधिकार निदान दोन माणसांकडे असावेत, आणि दुसरा माणूस पहिल्याच्या घरातला नसावा. समुदायाचे डोमेन नाव नोंदवायचे ते कुणाच्या नावावर, नूतनीकरणाचा ईमेल कुणाला जातो, हे लेखी असावे. आणि पोस्टरवर, पुस्तिकेवर, कार्यक्रमाच्या फलकावर डिस्कॉर्डची किंवा व्हॉट्सअ‍ॅपची आमंत्रण लिंक थेट छापू नये. स्वतःच्या डोमेनवरचा एक छोटा पत्ता छापावा आणि तो सध्याच्या कट्ट्याकडे वळवून ठेवावा. कट्टा हलला की वळण बदलायचे. तीन वर्षांपूर्वी भिंतीवर चिकटवलेला कागद तरीही योग्य दारात आणून सोडतो.